सीझनल बियर आणताय? मग या चुका टाळा

दर फेब्रुवारीत तेच. पुण्याच्या ब्रुअरीतनं कोणीतरी स्ट्रॉबेरीची बियर साताऱ्याला आणतं, एक घोट घेतं आणि विचारतं, "यात स्ट्रॉबेरी कुठाय?" अरे बाबा, सरबत आहे का ते? फळातली साखर बहुतेक सगळी यीस्ट खाऊन टाकतं, तिचीच दारू होते, मागं उरतो थोडा आंबटपणा आणि वास. गोडच पाहिजे तर महाबळेश्वरला जा आणि क्रीम घालून खा.

आता माझी दुखरी नस, ती बियर घरी आणणं. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं ग्राउलर, म्हणजे ब्रुअरीत ताजी बियर भरून देतात ती झाकणाची मोठी बाटली, भरून घेतला, डिकीत टाकला, खंबाटकीच्या आधी जेवायला थांबलो, गाडी उन्हात तासभर. घरी आल्यावर साडू म्हणाला जरा चव तर बघू, म्हणून झाकण उघडून दोन घोट घेतले आणि उरलेली "शनिवारी पाहुणे आले की काढू" म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. सहा दिवसांनी ओतली तर फेस नाही, गॅस नाही, आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा! हवा लागली की बियरचं हेच होतं, त्यात ती उन्हात तापलेली. वर साडू सगळ्यांसमोर म्हणतो, "पैसे पाण्यात." तेव्हापासून थर्माकोलचा डबा आणि बर्फ घेतल्याशिवाय मी पुण्याला जात नाही, ग्राउलर उभाच ठेवतो, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवतो आणि एकदा उघडला की त्याच बैठकीत. ही ताजी बियर आहे, लोणचं नव्हे.

दुसरं, "एकदम चिल्ड". फ्रीजरमध्ये ग्लास गोठवायचे, वर बर्फाचे खडे टाकायचे, मग म्हणायचं चवच नाही. जीभ बधिर झाल्यावर चव कुठनं येणार राव? गव्हाची बियर मी फ्रिजमधनं काढून दहा मिनिटं तशीच ठेवतो, काळी स्टाउट तर अर्धा तास. लोकांना तेवढाही धीर नसतो, बाटली दिसली की ओपनर हातात.

ग्लासला साबण किंवा तेलाचा हात राहिला तर फेस टिकत नाही, नीट खळखळून धुवा. आणि दोन बोटं फेस ठेवा, वास त्यातनंच येतो, "भरून दे, फेस नको" म्हणणाऱ्यांपुढं मी हात टेकलेत.

केळं-लवंगेचा वास आला म्हणून घाबरू नका, गव्हाच्या बियरचं यीस्टच तो वास देतं.

चखणा म्हणून झणझणीत फरसाण नको, तिखटापुढं सगळं मरतं. खारे शेंगदाणे बास. आणि स्टाउटबरोबर कंदी पेढा खाऊन बघा, हसू नका, भाजलेल्या खव्याचं आणि स्टाउटमधल्या काळ्या माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचं, मस्त जमतं, साडूनं परवा चार पेढे एकट्यानं संपवले.