शिमग्याआधी उभं, आगोटीला बंद: क्लाउडचा सुरक्षित साचा

कोकणातला ऑनलाइन धंदा बारमाही नसतो. देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या बुकिंगची साइट शिमग्याआधी उभी राहते आणि मिरग लागला की ओस पडते. मालवण-तारकर्लीचे होमस्टे मे महिन्यात भरतात, पावसात थंडावतात. त्यामुळे इथे वेबसाइटचं काम करणाऱ्या लहान ऑफिसला तोच सर्व्हर, तोच डेटाबेस आणि तीच बकेट (फाइली ठेवायची क्लाउडवरची जागा) दर वर्षी, दर गिऱ्हाइकासाठी नव्याने मांडावी लागते आणि आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आवरावीही लागते. कन्सोलवर (क्लाउडच्या वेब पानावर) क्लिक करत हे केलं की पंधरा बागायतदारांपैकी एखाद्याचा डेटाबेस उघडा राहतो, आणि तो कोणाचा हे शोधायला पंधराही खाती उघडावी लागतात.

म्हणून साचा हवा: ही मांडणी एकदा कोडमध्ये लिहायची आणि दर वेळी त्यावरून उभारायची. इथली कृती टेराफॉर्म (असा कोड वाचून सर्व्हर, डेटाबेस उभारणारं साधन) आणि एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) धरून दिली आहे. टेराफॉर्मचं मुक्त भावंड ओपनटोफू वापरत असाल तरी ती जवळजवळ तशीच लागू पडते. मॉड्यूल (साच्याचा कोड) लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा: गिऱ्हाइकागणिक काय बदलू द्यायचं नाही. एन्क्रिप्शन, बकेट बंद असणं, डेटाबेस खाजगी असणं यांसाठी व्हेरिएबल (बाहेरून देता येणारी किंमत) ठेवूच नका, त्यांची किंमत मॉड्यूलच्या आत पक्की लिहा. ‘गरज पडली तर बंद करता येईल’ अशी सोय ठेवली की ऐन एप्रिलच्या घाईत कोणीतरी ती वापरतंच.

बाहेरून फक्त चार-पाच गोष्टी घ्या: गिऱ्हाइकाचं छोटं नाव, हंगामाचं वर्ष, सर्व्हरचा आकार, प्रदेश (एडब्ल्यूएसचं डेटा सेंटर कुठलं) आणि मागच्या हंगामाच्या स्नॅपशॉटचं (डेटाबेसच्या जतन केलेल्या प्रतीचं) नाव. प्रत्येकाला व्हॅलिडेशन (चुकीची किंमत नाकारणारी अट) लावा. प्रदेश मुंबई किंवा हैदराबाद, बाकी काही चालणार नाही. नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच. बकेटच्या नावाला ३ ते ६३ अक्षरांची मर्यादा आहे आणि अंडरस्कोर चालत नाही. नाव सगळ्या जगात एकमेव लागतं, म्हणून शेवटी खात्याचा क्रमांक जोडा. जमेल तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतंत्र खातं द्या. एकाची चूक दुसऱ्याच्या आवारात जात नाही आणि बिलही ज्याचं त्याला मिळतं.

कायमचं वेगळं, हंगामी वेगळं

साच्याचे दोन भाग करा आणि दोन्हींची स्टेट फाइल (काय काय उभं केलं याची टेराफॉर्मची नोंद) वेगळी ठेवा. कायमच्या भागात केएमएस या सेवेतली एन्क्रिप्शनची किल्ली, कागदपत्रांची बकेट आणि लॉग. हंगामी भागात सर्व्हर, लोड बॅलन्सर (येणारी वर्दळ वाटून देणारा), नॅट गेटवे (खाजगी सर्व्हरला बाहेर जायची वाट) आणि डेटाबेस. सगळं एकाच स्टेटमध्ये असलं की जूनमध्ये दिलेला ‘डिस्ट्रॉय’ (सगळं पाडण्याचा हुकूम) लॉगसकट सगळं घेऊन जातो.

कायमच्या भागातल्या प्रत्येक गोष्टीला ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ (पुसायला मनाई) लावा. त्याच्या दोन मर्यादा ठाऊक असू द्या. टेराफॉर्ममध्ये त्याची किंमत व्हेरिएबलमधून देता येत नाही, थेट लिहावी लागते. आणि कोणी रिसोर्सचा अख्खा ब्लॉकच कोडमधून काढला तर हे कवचही त्याच्याबरोबर जातं, मग पुढच्या अप्लायमध्ये (कोडप्रमाणे बदल अमलात येताना) ती वस्तू पुसली जाते. त्यामुळे कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय मुख्य शाखेत घ्यायचा नाही, हा नियम दोन माणसांच्या ऑफिसलाही लागू ठेवा.

किल्ली कायमच्या भागात का, तर हंगामाच्या शेवटी घेतलेला स्नॅपशॉट त्याच किल्लीने कुलूपबंद असतो. किल्ली गेली तर स्नॅपशॉट असून नसल्यासारखा. किल्ली पुसायला सांगितल्यावर ७ ते ३० दिवसांची मुदत मिळते, ती साच्यात ३० च ठेवा.

बकेट

होमस्टेवाले पाहुण्यांच्या आधारच्या प्रती ठेवतात, त्यामुळे इथे हयगय नको. सार्वजनिक प्रवेश रोखणारी चारही बटणं चालू, व्हर्जनिंग चालू, जुन्या आवृत्त्या ९० दिवसांनी पुसण्याचा नियम, आणि टीएलएसशिवाय (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीशिवाय) आलेली प्रत्येक विनंती नाकारणारी पॉलिसी. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेट मुळातच बंद तयार होतात हे खरं, पण त्याआधीच्या बकेट जशा होत्या तशाच आहेत. शिवाय कोडमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच कोणी कन्सोलवरून केलेला बदल पुढच्या प्लॅनमध्ये (अप्लायआधी काय बदलेल त्याच्या यादीत) दिसतो. आंब्याचे, खोल्यांचे फोटो लोकांना दाखवायचे तर त्यांची बकेटही बंदच ठेवा. पुढे क्लाउडफ्रंट (फाइली लोकांपर्यंत पोचवणारी एडब्ल्यूएसची सेवा) लावा आणि ओरिजिन अ‍ॅक्सेस कंट्रोलने फक्त त्यालाच वाचू द्या.

डेटाबेस

सगळ्यात महागड्या चुका इथे होतात. टेराफॉर्ममध्ये आरडीएसचं (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेचं) ‘स्टोरेज एन्क्रिप्टेड’ मुळात बंद असतं. ते नंतर चालू करायला गेलात तर टेराफॉर्म आहे तो डेटाबेस पुसून नवा, रिकामा डेटाबेस उभा करतो. म्हणून पहिल्या दिवसापासून चालू. जुना डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला नसेल तर त्याचा स्नॅपशॉट घ्या, त्याची एन्क्रिप्ट केलेली प्रत काढा आणि तिच्यावरून नवा डेटाबेस उभा करा. आहे तोच डेटाबेस जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येत नाही.

बॅकअपची मुदतही टेराफॉर्ममध्ये न लिहिल्यास शून्य धरली जाते, म्हणजे आपोआप होणारा बॅकअप बंद. हंगामात १४ दिवस ठेवा, कमाल मर्यादा ३५ आहे. ‘पब्लिकली अ‍ॅक्सेसिबल’ नाही, ‘डिलीशन प्रोटेक्शन’ होय.

पासवर्ड कोडमध्ये नको आणि व्हेरिएबलमध्येही नको, कारण व्हेरिएबलमधला पासवर्ड स्टेट फाइलमध्ये उघडा लिहिला जातो. ‘मॅनेज मास्टर यूजर पासवर्ड’ चालू केलं की पासवर्ड सीक्रेट्स मॅनेजरमध्येच (एडब्ल्यूएसच्या पासवर्ड जपणाऱ्या सेवेत) तयार होतो. मात्र तो दर ७ दिवसांनी आपोआप बदलतो. कोणी तो एकदा बघून अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चिकटवला, तर साइट आठवडाभर सुरळीत चालते आणि मग बंद पडते. अ‍ॅपने जोडणी करताना दर वेळी सीक्रेट तिथूनच वाचायला हवं.

नेटवर्क आणि सर्व्हर

गिऱ्हाइकागणिक १०.२०.०.०/१६, १०.२१.०.०/१६ असे पत्त्यांचे वेगळे पट्टे द्या, पुढेमागे जोडायची वेळ आली तर आदळत नाहीत. प्रत्येक सबनेटमधले (नेटवर्कच्या छोट्या तुकड्यातले) ५ पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे राखून ठेवतं, त्यामुळे /२४ मध्ये २५१ च हाती लागतात.

पोर्ट २२ चा (सर्व्हरमध्ये बाहेरून शिरायच्या दाराचा) विषय मात्र नीट घ्या. इथल्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू झाला की बदलतो. आज ज्या पत्त्याला परवानगी दिली तो उद्या आपला नसतो, मग कंटाळून ०.०.०.०/० (सगळ्या जगाला परवानगी) लिहिलं जातं. त्यापेक्षा २२ उघडूच नका. सर्व्हरच्या रोलला (त्याच्या परवानग्यांच्या ओळखीला) ‘अ‍ॅमेझॉन एसएसएम मॅनेज्ड इन्स्टन्स कोअर’ ही पॉलिसी लावा, बाहेर जाणारा पोर्ट ४४३ मोकळा ठेवा आणि एडब्ल्यूएसच्या सेशन मॅनेजरने आत जा. अ‍ॅमेझॉन लिनक्स आणि उबुंटूच्या बहुतेक तयार इमेजमध्ये त्याचा एजंट आधीच असतो. सोबत आयएमडीएसव्ही२ (सर्व्हरला त्याची माहिती आणि तात्पुरत्या किल्ल्या देणाऱ्या सेवेची टोकन मागणारी आवृत्ती) सक्तीचं करा.

लॉगबद्दल थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची असते. क्लाउडवॉचमध्ये (एडब्ल्यूएसच्या लॉग ठेवणाऱ्या सेवेत) मुदत दिली नाही तर लॉग कधीच पुसले जात नाहीत आणि बिल चढत राहतं. साच्यात १८० लिहून टाका.

लाइट गेली तर

मे महिन्याच्या वळिवात लॅपटॉपवरून अप्लाय चालू असताना लाइट किंवा नेट गेलं, तर अर्धी कामं झालेली असतात आणि दोघांनी एकदम बदल करू नयेत म्हणून स्टेटला लागलेलं कुलूप तसंच राहून जातं. म्हणून अप्लाय आपल्या टेबलावरून नको, गिटहब अ‍ॅक्शन्ससारख्या पाइपलाइनमधून (कोड आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) करा. तिला ओआयडीसीने (पासवर्ड न साठवता ओळख पटवायच्या पद्धतीने) तात्पुरती परवानगी द्या, कायमच्या अ‍ॅक्सेस की साठवू नका. स्टेट वेगळ्या, व्हर्जनिंग असलेल्या बकेटमध्ये ठेवा आणि ‘यूज लॉकफाइल’ चालू करा. टेराफॉर्म १.११ पासून हे पक्कं झालं आहे, कुलपासाठी डायनॅमोडीबीचा (एडब्ल्यूएसच्या दुसऱ्या डेटाबेस सेवेचा) वेगळा तक्ता लागत नाही.

तरीही कुलूप अडकलं तर आधी दुसरं कोणी काम करत नाही ना, ते फोन करून विचारा, मगच ‘फोर्स-अनलॉक’. फोल्डरमध्ये ‘एरर्ड टीएफस्टेट’ नावाची फाइल दिसली तर ती पुसू नका. बकेटपर्यंत न पोचलेली ताजी स्टेट तिच्यात असते. ती ‘स्टेट पुश’ने वर चढवा.

मॉड्यूल बोलावताना गिटचा टॅग (कोडच्या ठरावीक आवृत्तीचं नाव) लिहा, उदाहरणार्थ व्ही १.४.०. टेराफॉर्मची लॉक फाइल फक्त प्रोव्हायडर (क्लाउडशी बोलणारा जोड) बांधून ठेवते, मॉड्यूल नाही. टॅग नसेल तर साच्यात आज केलेली दुरुस्ती उद्या भर हंगामात चालू असलेल्या साइटवर जाऊन बसू शकते. कोडमधल्या सुरक्षेच्या चुका शोधणाऱ्या चेकॉव्ह किंवा ट्रिव्ही यांपैकी एक तपासणी पाइपलाइनमध्ये लावा. तरीही प्लॅन डोळ्यांनी वाचाच. ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ (जुनं पुसून नवं) हे शब्द डेटाबेसच्या ओळीत दिसले की तिथेच थांबा.

आगोटीची आवराआवर

पैसे वाचवायला आरडीएस नुसता ‘स्टॉप’ करून ठेवता येत नाही, ७ दिवसांनी तो आपोआप पुन्हा चालू होतो. क्रम असा ठेवा:

१. शेवटच्या स्नॅपशॉटच्या नावात हंगामाचं वर्ष घाला, ‘स्किप फायनल स्नॅपशॉट’ नाही असल्याची खात्री करा, डिलीशन प्रोटेक्शन काढा आणि आधी अप्लाय करा. डिस्ट्रॉय स्टेटमध्ये नोंदलेलं नाव वापरतो, कोडमध्ये नुकतं बदललेलं नाही. मागच्या वर्षीचंच नाव राहिलं तर तो अडतो.

२. हाताने एक स्नॅपशॉट घ्या, छोट्या आकाराच्या तात्पुरत्या डेटाबेसवर उघडा आणि ऑर्डरींची संख्या चालू डेटाबेसशी जुळवा.

३. आकडे जुळले की फक्त हंगामी भाग डिस्ट्रॉय करा, तात्पुरता डेटाबेसही काढा.

४. दुसऱ्या दिवशी बिलाच्या पानावर नॅट गेटवे आणि मोकळे राहिलेले इलॅस्टिक आयपी (राखून ठेवलेले पक्के पत्ते) शोधा. राहिलं तर यातलंच काहीतरी राहतं.

फेब्रुवारीत नव्या वर्षाचा आकडा आणि त्या स्नॅपशॉटचं नाव देऊन प्लॅन काढा. हंगामी भागात सगळ्या ओळी नव्या जोडण्याच्याच दिसायला हव्यात. कायमच्या भागाच्या प्लॅनमध्ये एकही बदल दिसला, तर पावसाळ्यात कोणीतरी कन्सोलवरून हात लावलेला आहे. काय आणि का बदललं ते समजल्यावरच अप्लाय करा.