हीट पंपात गॅस भरताना आधी वजनकाटा काढा

हीट पंपात (म्हणजे खोली गरमही करणाऱ्या एसीत) गॅस कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहेच, तो काय पेट्रोलसारखा जळून संपत नाही, त्यामुळे आधी फ्लेअर नटवर (पाइप जोडणीच्या नटवर) साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. लीक बंद केलं की उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं काढून घ्या (हवेत सोडू नका), व्हॅक्यूम पंपानं पाइपातली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली न्या आणि व्हॅक्यूम पंप बंद केल्यावर तो तिथेच टिकतो का ते थोडा वेळ बघा. मग आउटडोअर युनिटच्या नेमप्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच काट्यावर मोजून भरायचे, पाइप ठरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर मॅन्युअलमध्ये दर मीटरला किती वाढवायचा ते दिलेलं असतं. नुसतं गेजवर प्रेशर बघून भरणारे खूप, पण प्रेशर बाहेरच्या तापमानाबरोबर हलतं, थंडीत हीटिंग मोडवर तर अंदाज हमखास चुकतो. बऱ्याच हीट पंपांत असणारा आर-४१०ए हा दोन गॅसचं मिश्रण आहे, म्हणून त्याचं प्रमाण बिघडू नये यासाठी सिलिंडरमधून लिक्विडच घ्यायचा, आणि चालू सिस्टीममध्ये टाकताना व्हॉल्व्ह जरा जरा उघडत, नाहीतर लिक्विड थेट कॉम्प्रेसरमध्ये जाऊन त्याची वाट लागते. आणि हो, बऱ्याच देशांत याला लायसन्स लागतं, ते नसेल तर टेक्निशियनला बोलवा, फक्त काटा आणलाय का तेवढं विचारा.