रक्तगट ‘ओ’ असला तरी हिवतापाची तपासणी करून घ्या

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. पावसाळा लागला की टेबलावर हिवतापाच्या काचपट्ट्यांचा ढीग साचतो. बोटाला सुई टोचून घेता घेता लोक विचारतात, “मॅडम, माझा ओ पॉझिटिव्ह आहे. मला मलेरिया कमी होतो ना?” या प्रश्नात तथ्य आहे, पण ते कुठवर धरायचं हे कळायला हवं.

आधी रक्तगट नीट तपासून घ्या. वडिलांचा तोच आपला असेल, असं धरून चालू नका. आम्ही काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतो. एकात निळं अँटी-ए हे तपासणीचं द्रावण, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात बिनरंगी अँटी-डी मिसळतो आणि पट्टी हलकेच कलती करत राहतो. जुळलं की रक्त फाटलेल्या दुधासारखं दाणेदार होतं. हे दोन मिनिटांच्या आत वाचायचं. थेंबाची कड वाळली की खोटेच दाणे दिसायला लागतात.

आता ‘ओ’चा फायदा. हिवतापाचा फॅल्सिपेरम जातीचा परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, ती पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींना स्वतःला चिकटवून घेते. असे झुबके बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, अगदी मेंदूतल्यासुद्धा. ए आणि बी गटाच्या पेशींवर जी खास साखर असते, तिला धरून हे झुबके घट्ट होतात. ओ गटाच्या पेशींवर ती नसते, म्हणून तिथे झुबके सैल आणि लहान राहतात. त्यामुळे ओ गटाच्या लोकांमध्ये जिवावर बेतणारा हिवताप तुलनेने कमी दिसतो. मात्र डास त्यांनाही चावतो, तापही येतो आणि उपचार न केल्यास त्यांचाही जीव जाऊ शकतो.

हिवतापाच्याच दुसऱ्या जातीच्या परजीवीचं, व्हायवॅक्सचं, गणित वेगळंच आहे. तो पेशीत शिरायला ‘डफी’ नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. पश्चिम आफ्रिकेत बहुसंख्य लोकांच्या पेशींवर ते नसतं, म्हणून व्हायवॅक्स तिथे फार कमी. आपल्याकडे ते जवळपास सगळ्यांच्या पेशींवर असतं, आणि ते तुमच्या रक्तगटाच्या कार्डावर लिहिलेलंही नसतं. कॉलऱ्यात तर ओ गटच तोट्यात जातो, या गटाच्या लोकांना जुलाब जास्त तीव्र होतात. तेव्हा पाण्यासारखे जुलाब सुरू झाले की ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घोळून लगेच पाजायला लागा, आणि दवाखान्यात न्या.

म्हणून ताप आला की कार्ड बाजूला ठेवा. थंडी वाजो न वाजो, त्याच दिवशी रक्त द्या, आणि तेही गोळी घेण्याआधी. आशाताईंकडे किट असतं, निकाल अर्ध्या तासाच्या आत कळतो. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, त्यासाठी प्रायमाक्विनचा पूर्ण कोर्स डॉक्टर सांगतील तसाच संपवा. झटके, गुंगी, पाणी पोटात न टिकणं, काळपट लघवी यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा.

हिवतापात रक्तगटाची खरी गरज पडते ती हिमोग्लोबिन उतरल्यावर. लहान मुलांचे तळहात पांढरे पडतात, रक्त चढवावं लागतं. तेव्हा क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहण्याची तपासणी, झाल्याशिवाय पिशवी लावू देऊ नका, कार्डावर काहीही लिहिलेलं असो. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट आमच्या काचपट्टीवर हुबेहूब ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्त दिलं तर घात होतो. ओ गटाची एकही पिशवी जुळेना, तर रक्तपेढीला अँटी-एच तपासणी करायला सांगा; ओ गटाच्या पेशींवर असणारा आणि बॉम्बे गटात नसणारा ‘एच’ घटक आहे का, हे तिच्यातून कळतं. बॉम्बे गट निघाला तर सख्ख्या भावंडांना लगेच बोलावून त्यांचंही रक्त तपासा. तोच गट त्यांच्यात सापडण्याची शक्यता बाहेरच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असते.