द्राक्षबाग मोडलेल्या रानात पीक पिवळे पडतेय? या चुका टाळा

जुनी द्राक्षबाग मोडून तिथे भाजीपाला किंवा नवी बाग लावली, की कधीकधी शेंड्याची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह कमी पडले असे धरून लगेच सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण सोडले जाते. ही पहिली चूक, आणि महागात पडणारी. आधी एक रोप मातीसकट अलगद काढून मुळे धुऊन बघा. गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. पण पांढरी मुळी दिसतच नसेल, मुळे आखूड, जाडसर, तपकिरी आणि बारीक फुटव्यांशिवाय असतील, तर जमिनीत तांबे जास्त झाल्याची शंका घ्या. तांबे मुळांची टोके मारते, लोहाचे शोषण अडवते, म्हणून वर पानावर लोहाची कमतरता दिसते. बाजारातल्या बऱ्याच मिश्रणांत तांबेही असतेच!

हे तांबे द्राक्षावर बुरशीसाठी वर्षानुवर्षे फवारलेल्या मोरचुदातले. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) एकरी ४०० लिटर फवारले, तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबे रानात गेले. ते कुजत नाही, उडत नाही, वरच्या वीतभर मातीला धरून राहते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली. भरपूर पाणी देऊन ते धुऊन निघेल, ही आशा सोडा.

माती परीक्षणाच्या अहवालात तांब्यापुढे ‘पुरेसे’ लिहिलेले असते आणि आपण निर्धास्त होतो. ही प्रतवारी कमतरता शोधण्यासाठी आहे. ०.२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.२ भाग) वर गेले की पुरेसे, मग आकडा १ असो वा ३०. शेरा नको, आकडा वाचा. नमुना गंजक्या किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या अवजाराने काढू नका. फवारणीची टाकी धुतो त्या कोपऱ्याचा नमुना वेगळाच द्या.

चुनखडीच्या जमिनीत तांबे बरेचसे बांधलेले असते. अशा वेळी सामू (मातीचा आम्ल-विम्लतेचा आकडा, पीएच) उतरवायला ठिबकमधून आम्ल सोडले, तर तेच मोकळे होऊन मुळांना भिडते. त्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत भरपूर घाला, सेंद्रिय पदार्थ तांबे धरून ठेवतात. कोंबडी खत मात्र जपून वापरा, कारण पक्ष्यांच्या खाद्यात तांबे आणि जस्त मिसळलेले असते.

लागवडीआधी एक स्वस्त चाचणी जरूर करा. एका कुंडीत बागेची माती, दुसरीत कधीच फवारणी न झालेल्या शेजारच्या पडीक जागेची. दोन्हींत तेच बी पेरा आणि दोन-तीन आठवड्यांनी मुळे शेजारी ठेवून बघा.