तळ्यातला मिथेन मोजताना या चुका टाळा

गावतळी आणि विदर्भातले माजी मालगुजारी तलाव यांच्या तळाशी गाळ कुजतो, तिथून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड वर येतात. तळं एवढंसं आहे म्हणून ते हिशेबात धरायचं नाही, ही पहिली चूक. २०१६ च्या एका जागतिक अभ्यासानुसार १,००० चौरस मीटरपेक्षा लहान तळी ही सगळ्या तळ्या-सरोवरांच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम ८.६ टक्के आहेत, पण पाण्यात विरघळून हवेत जाणाऱ्या मिथेनमध्ये त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के भरतो. पाणी उथळ, पालापाचोळा भरपूर आणि गाळ पृष्ठभागाला लागून, त्यामुळे हे घडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक बुडबुड्यांची. तरंगत्या चेंबरमधला (वर येणारा वायू धरण्यासाठी पाण्यावर पालथ्या ठेवलेल्या बंद डब्यातला) मिथेन सरळ रेषेत चढत असतो, मध्येच आकडा उडी मारतो आणि ते वाचन ‘बिघाड’ समजून काढून टाकलं जातं. असं करू नका. मिथेन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून तो गाळात साठतो आणि बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. वाटेत त्याला खाणारे जिवाणू असतात, पण उथळ पाण्यात बुडबुडा त्यांच्या हाती लागण्याआधीच वर पोचतो. अनेक तळ्यांत मिथेनची मुख्य वाट हीच असते. उडीची वाचनं वेगळी नोंदवा आणि बुडबुडे पकडायला पाण्याखाली उलटं नरसाळं निदान एक पूर्ण दिवस-रात्र लावून ठेवा. वळिवाआधी हवेचा दाब उतरला की बुडबुडे वाढतात, त्यामुळे दाबही लिहून ठेवा.

मात्र उडी चेंबर ठेवल्या ठेवल्या आली असेल, तर आधी पायांकडे बघा. १७७६ साली इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने इटलीतल्या माज्जोरे सरोवराचा गाळ काठीने ढवळून हाच वायू गोळा केला होता. गुडघाभर पाण्यात चिखल तुडवत गेलात, तर नकळत तेच होतं. चेंबर दोरीने आत सोडा आणि नमुना लांब नळीने काठावरून ओढा.

दुपारी एकदाच जाऊन मोजणं सोयीचं असतं, पण उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि तळं वायू घेतंय असं दिसतं. रात्री चित्र उलटतं. पहाटेचं एक वाचन घेतल्याशिवाय दिवसाची बेरीज करू नका.

तापमान हवेचं नको, गाळाचं हवं. दहा अंश सेल्सिअस वाढले की मिथेनचं उत्सर्जन साधारण चौपट होऊ शकतं, आणि उन्हाळी दुपारी वरचं पाणी व तळ यांत काही अंशांचा फरक सहज असतो. थर्मामीटर थेट चिखलात खुपसा.

आकडे अपेक्षेपेक्षा फारच कमी येत असतील तर पाण्याचा खारेपणा तपासा. गोव्याच्या खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत) भरतीच्या पाण्याबरोबर सल्फेट येतं, सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांचं खाद्य पळवतात. शेतातून खताचं पाणी येत असेल तर नायट्रेटही मोजा, कारण तिथे नायट्रस ऑक्साइड या आणखी एका हरितगृह वायूचा प्रश्न उभा राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याला मातीच्या तळ्याचे आकडे लावू नका, दोन्हींचा तळच वेगळा.

उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या तळाला शून्य धरतात. भेगाळलेल्या गाळात हवा शिरते आणि कार्बन डायऑक्साइड जोरात सुटू लागतो, पहिल्या पावसाने गाळ भिजला की पुन्हा उसळी येते. पाण्याची कड सरकेल तसे मोजण्याचे ठिकाणही सरकवा, मात्र कोरडा पट्टा सोडू नका.

आणि नमुन्याच्या बाटलीत जिवाणू जिवंत राहतात हे विसरू नका. बाटली हवेचा बुडबुडा न राहता काठोकाठ भरा, जिवाणू मारायला झिंक क्लोराइड घाला, घट्ट बंद करा आणि तपासणीला जाईपर्यंत थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.