लिम्फोसाइट सबसेटच्या अहवालातील एनके पेशींचा आकडा कसा वाचावा

लिम्फोसाइट हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट; त्याच्या प्रकारांच्या (सबसेटच्या) अहवालात टी आणि बी पेशींच्या ओळींखाली एनके, म्हणजे नैसर्गिक मारक पेशींची ओळ असते आणि तिच्यासमोर ‘कमी’ असा शेरा दिसला की घरचे धास्तावतात. अशा वेळी टक्केवारीआधी प्रति मायक्रोलिटर दिलेली संख्या पाहावी. निरोगी प्रौढाच्या रक्तातील लिम्फोसाइटपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी एनके असतात. मात्र २,००० लिम्फोसाइटमध्ये १० टक्के म्हणजे २०० पेशी, आणि संसर्गात टी पेशी वाढून लिम्फोसाइट ४,००० झाले, तर त्याच २०० पेशी ५ टक्के दिसतात.

त्यानंतर पेशी कोणत्या खुणेवरून मोजल्या, ते तपासावे. ‘सीडी३ ऋण, सीडी१६ किंवा सीडी५६ धन’ असे लिहिलेले हवे (सीडी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील खुणा, त्यांपैकी सीडी३ ही टी पेशींची; ऋण म्हणजे नसलेली, धन म्हणजे असलेली); केवळ सीडी५६ ही खूण काही टी पेशींवरही असते. रक्त देण्याआधी जोराचा व्यायाम झाला असल्यास आकडा तात्पुरता फुगतो, म्हणून तेही डॉक्टरांना सांगावे, आणि स्टेरॉइड चालू असल्यास त्याचीही कल्पना द्यावी.

खरी मेख पुढे आहे: संख्येवरून मारकशक्ती कळत नाही. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए वर्ग एकची, म्हणजे पेशी आपलीच असल्याची ओळख पटवणारी प्रथिने असतात आणि ती दिसली की एनके पेशी सहसा हात आवरते. टी पेशींना चुकवण्यासाठी काही विषाणू आणि कर्कपेशी हीच प्रथिने दडवतात, आणि नेमक्या त्यामुळे एनके पेशींच्या तावडीत सापडतात. ही कल्पना स्टॉकहोमचे संशोधक क्लास कॅरे यांनी १९८०च्या दशकात मांडली. अशी पेशी सापडली की एनके पेशी परफोरिन हे प्रथिन सोडून तिच्या आवरणाला छिद्रे पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत शिरून तिचा मृत्यू घडवतात. परफोरिनच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या, एचएलएच (प्रतिकारशक्ती बेकाबू होऊन शरीरावरच उलटण्याचा गंभीर आजार) झालेल्या बाळाच्या अहवालात एनकेची संख्या व्यवस्थित असू शकते, पण मारण्याचे काम होतच नाही.

म्हणूनच असा संशय असल्यास कार्यक्षमतेची वेगळी चाचणी लागते. तिच्यासाठी सहसा हेपारिनच्या नळीतले ताजे रक्त घेतात आणि एचएलए जवळपास नसलेल्या के५६२ या ल्युकेमियाच्या पेशींवर एनके पेशी सोडून किती पेशी मरतात ते मोजतात. नमुना शिळा झाला तर निष्कर्ष फसवा येतो, त्यामुळे प्रयोगशाळेची वेळ आधी ठरवावी. जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासणीचे काम मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एनआयआयएच या संस्थेत चालते.

वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना रक्तातील एनके ‘जास्त’ असल्याचे सांगून महागडे उपचार सुचवले जातात, तेथे मात्र दुसरे मत अवश्य घ्यावे. गर्भाशयातील एनके पेशी रक्तातील पेशींहून वेगळ्या असतात आणि एकीचा आकडा दुसरीबद्दल फारसे सांगत नाही.

कांजिण्या, नागीण किंवा सायटोमेगॅलोव्हायरस यांसारखे हर्पिस गटाचे संसर्ग पुन्हा पुन्हा आणि तीव्र होत असतील, तर कमी आकडा गांभीर्याने घेऊन प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांना दाखवावे. तसे काही नसेल, तर चालू आजार उतरल्यावर काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, चाचणी पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.