लाकूडफाट्याचा कार्बन हिशोब असा मांडा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी कूपकटाईत (जंगलाच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यातल्या, म्हणजे कूपातल्या, झाडतोडीत) उरलेला लाकूडफाटा जाळला, की कागदावर उत्सर्जन शून्य लिहून मोकळं होता येत नाही. आधी धुराड्यातून काय गेलं ते मोजा. मग हाच फाटा जंगलात किती वर्षांत कुजला असता, ते पाहून वजावट करा.

सुरुवात ओलाव्यापासून. ट्रकमधला वरचा माल उन्हाने वाळलेला असतो, म्हणून नमुना मधून आणि तळातूनही घ्या. 1 किलो चिप्स ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. 700 ग्रॅम उरले तर ओलावा 30 टक्के. सुया टोचायच्या मीटरवर विसंबू नका. ते कोरड्या लाकडाच्या प्रमाणात ओलावा दाखवतं, म्हणजे आपले 30 तिथे 43 होतात. हिशोब बहुतेकदा इथेच फसतो.

आता असा 10 टनांचा ट्रक घ्या. कोरडं लाकूड 7 टन, त्यात साधारण निम्मा कार्बन. 7 गुणिले 1.83, म्हणजे 12.8 टन कार्बन डायऑक्साइड. उष्णता मिळते सुमारे 122 गिगाज्यूल. तेवढ्याच उष्णतेसाठी कोळसा जाळला तर साधारण 11.7 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे धुराड्याच्या तोंडाशी लाकूड कोळशापेक्षा जास्तच सोडतं, आणि माल ओला असेल तर हा फरक वाढतो.

ट्रकच्या डिझेलचा जीवाला फार घोर नको. जाऊन-येऊन 300 किलोमीटर, लिटरला 4 किलोमीटर धरले तर 75 लिटर, सुमारे 200 किलो कार्बन डायऑक्साइड.

खरा फरक पडतो तो जाडीने. डहाळ्या आणि शेंडे वाळवी-बुरशी लवकर संपवतात, सागाचा जाड ओंडका वर्षानुवर्षं पडून राहतो. 3 वर्षांत निम्मं कुजतं असं धरलं, तर 20 वर्षांनी जंगलात 1 टक्का उरलं असतं. 15 वर्षांत निम्मं धरलं तर 40 टक्के. तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत तुमच्यामुळे आहे: एका ट्रकमागे बारीक फाट्याचा 0.1 टन, जाड ओंडक्यांचा 5.1. कोळशाचे 11.7 मात्र तसेच. फाटा नाहीतरी कूपातच पेटवला जाणार असेल, तर जवळपास पूर्ण वजावट घ्या.

म्हणून खरेदीत मनगटाहून जाड माल घेऊच नका. पाला आणि साल जंगलातच राहू द्या, मातीची खनिजं त्यातच असतात. फाटा एप्रिल-मेच्या उन्हात वाळवा आणि मगच चिप्स पाडा. ओल्या चिप्सचा ढीग पावसाळ्यात आतून तापतो, कुजतो, हवा न मिळाल्यास मिथेन सोडतो, आणि तो या हिशोबात कुठेच आलेला नाही.